'द अँबर स्पायग्लास' वाचताय? मग या चुका टाळा

फिलिप पुलमनच्या 'हिज डार्क मटेरियल्स'मधलं हे तिसरं आणि शेवटचं पुस्तक, २००० साली आलेलं. कोणी ना कोणी मला सांगतंच की पहिली दोन भारी होती, तिसरं काही जमलं नाही बुवा. दोन प्रश्न विचारले की कळतं, नीट वाचलेलंच नाहीये.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे मेरी मलोन या शास्त्रज्ञ बाईची प्रकरणं गाळणं. तिकडे विल आणि लायरा ही मालिकेतली दोन मुख्य पोरं संकटात, आणि मध्येच पुलमन आपल्याला नेतो मुलेफांच्या जगात, म्हणजे सोंडवाले प्राणी, एक पाय पुढे एक मागे दोन बाजूंना, आणि झाडाच्या मोठ्या गोल बियांची चाकं करून ते पळतात. ज्यांना 'पुढे काय झालं' एवढंच हवं असतं ते इथे पानं उलटत सुटतात. माझ्या भाचीने बारावीच्या सुट्टीत हेच केलं. "मावशी, ते चाकवाले हत्ती मी स्किप केले हां, जाम बोअर." म्हटलं कर. मग एके रात्री फोन, रडत होती पण चिडलेली जास्त. "असा शेवट करतात का? उगाच रडवायचं म्हणून केलंय, काही लॉजिकच नाही!" अगं बाई, लॉजिक तू गाळलेल्या पानांत आहे! बियांची झाडं का मरतायत, डस्ट (जाणिवेशी जोडलेले, डोळ्यांना न दिसणारे कण) कुठे वाहून चाललीय, हे सगळं मेरी तिथे बसून शोधते, झाडाच्या रसाच्या वार्निशचे थरावर थर देऊन ती काच बनवते ज्यातून डस्ट दिसते, पुस्तकाचं नावच त्यावरून आलंय! शेवटी विल-लायरावर जी वेळ येते ती तिथूनच येते. मग तिला फक्त मेरीची प्रकरणं सलग वाचायला लावली आणि नंतर परत शेवट. परत रडलीच, पण या वेळी पुलमनला शिव्या न देता.

मी स्वतः ही प्रकरणं झोपताना वाचत नाही. सकाळी, चहा घेऊन, सावकाश. घाई असेल तर दुसरं काहीतरी वाचा ना, पुस्तकं काय कमी आहेत का.

दुसरी चूक सिनेमावाल्यांची. २००७ चा 'द गोल्डन कंपास' बघायचा आणि पहिलं पुस्तक झालं समजून पुढे उडी मारायची. तो सिनेमा पहिल्या पुस्तकाची शेवटची तीन प्रकरणं सोडून संपतो. सिनेमात लायराचा मित्र रॉजर तिच्याबरोबर मजेत निघालेला दिसतो, आणि तिसऱ्या पुस्तकात सुरुवातीलाच तो मेलेल्यांच्या जगातून तिच्या स्वप्नात बोलतोय. माझ्या ओळखीच्या एकाला वाटलं छपाईत पानं मागेपुढे झालीत, दुकानात बदलून मागायला निघाला होता! स्पॉयलर झाला असेल तर सॉरी, पण शॉर्टकट तुम्ही मारलात. २०१९ ते २०२२ ची सिरीज पूर्ण गोष्ट सांगते, तरी आधी पुस्तकंच वाचा असं माझं ठाम मत.

ते स्वप्नाचे छोटे तुकडे पण गाळू नका. अर्ध्या पानाचे असतात, दोन मिनिटं लागतात.

'नॉर्दर्न लाइट्स' आणि 'द गोल्डन कंपास' अशी दोन वेगळी पुस्तकं मागवू नका, मालिकेतलं पहिलं पुस्तक ते एकच आहे, अमेरिकेत नाव बदललं. दुसरं 'द सटल नाइफ', ते बारीक दिसतं म्हणून गाळायचं नाही, विल तिथेच भेटतो आणि एका जगातून दुसऱ्यात जायला खिडकी कापणारा सुरा त्याच्याकडे कसा आला तेही तिथेच.

फॅन्टसी म्हणजे लहान मुलांचं, असं धरून आठ-नऊ वर्षांच्या पोराला हातात देऊ नका. पहिलं चालेल कदाचित. तिसऱ्यात मेलेल्यांचं जग आहे, चर्चच्या सत्तेवर सरळ सरळ हल्ला आहे, आणि पोरं मोठी होताना जे होतं तेही आहे. २००१ चा व्हिटब्रेड बुक ऑफ द इयर हा ब्रिटिश साहित्य पुरस्कार याला मिळाला, मुलांच्या पुस्तकाला तो मोठा मान पहिल्यांदाच.

इंग्रज कवी मिल्टन आधी वाचायला हवा का? नको. मालिकेचं नाव त्याच्या 'पॅराडाइज लॉस्ट' या महाकाव्यातून घेतलंय एवढं माहीत असलं की पुरे. वाचलात तर छानच, पण त्यासाठी वर्षभर पुस्तक शेल्फवर ठेवणारे लोक मला माहीत आहेत.

आणि 'द बुक ऑफ डस्ट' ही पुलमनची नंतरची मालिका नंतरच घ्या. त्यातल्या पहिल्यात लायरा तान्ही आहे म्हणून काही जण 'क्रमाने वाचतो' म्हणत तिथून सुरू करतात. दुसऱ्यात ती कॉलेजात आहे आणि स्पायग्लासचा शेवट तिथे गृहीतच धरलाय. पात्रांची नावं गूगल केलीत तरी तेच होईल, सर्च बॉक्समध्येच शेवट कळतो.