किप्पूरचा उपास धरताय? या चुका टाळा

किप्पूर (योम किप्पूर), म्हणजे आम्हा बेने इस्रायलींचा, कोकणातल्या मराठी यहुद्यांचा, दरफळणीचा (दारं मिटण्याचा) सण, पापांची माफी मागायचा दिवस. उपास साधारण २५ तासांचा. यहुदी दिवस संध्याकाळी सुरू होतो, हे विसरलं की पहिली चूक झालीच. २०२६ मध्ये कॅलेंडर २१ सप्टेंबर दाखवेल, पण शेवटचं जेवण २० तारखेला सूर्य मावळायच्या आत उरकायला हवं. उपास सुटतो दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसल्यावर.

त्या जेवणात लोणचं, पापड, झणझणीत रस्सा नको. रात्रीच घसा सुकतो. वरण-भात आणि भरपूर पाणी बरं. दुपारी डोकं ठणकतं ते बहुधा चहा तुटल्यामुळे. आठवडाभर आधीपासून एकेक कप कमी करा. चामड्याच्या चपला घरीच ठेवा, कापडी किंवा रबरी चालतात.

आजारी माणसाला “एक दिवस कळ काढ” असं कृपा करून म्हणू नका. जीव जपणं उपासाहून मोठं आहे. डॉक्टरांनी खायला सांगितलं असेल तर त्या दिवशी खाणं हाच धर्म.

पण सगळ्यात मोठी चूक पोटाची नाही. “कळत-नकळत चुकलं असेल तर माफ करा” हा एकच मेसेज दोनशे जणांना पाठवून आपण सुटलो असं समजतो. मिश्नात, म्हणजे यहुदी धर्मनियमांच्या जुन्या ग्रंथात, स्पष्ट आहे: माणसाचा केलेला अपराध, त्या माणसाची समजूत काढल्याशिवाय किप्पूरने धुतला जात नाही. सणाच्या पहिल्या संध्याकाळी कोल निद्रे, म्हणजे नवस-शपथा रद्द करायचं पठण, म्हटल्यानेही लोकांना दिलेला शब्द किंवा घेतलेली उसनवारी माफ होत नाही.

वाडीतल्या नारळांवरून चुलतभावाशी माझं बोलणं तुटलं होतं. तीन किप्पूर मी कडक उपास केले, फोन मात्र केला नाही. चौथ्या वर्षी आदल्या दुपारी केला. “दादा, हिशेबात मी तुला खोटं पाडलं, चूक माझी होती.” तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “जेवलास का? सूर्य कलला.”

म्हणून नेमकं काय चुकलं ते नाव घेऊन बोला. पहिल्यांदा नाही ऐकलं, तर तीनदा जायची रीत आहे.

आणि नेइला, म्हणजे किप्पूरची शेवटची प्रार्थना, अर्धी टाकून घरी पळू नका. स्वर्गाची दारं मिटायची ती हीच वेळ. शोफार (शिंगाची तुतारी) ऐका, मग पाणी, हलकं जेवण. दुसऱ्या दिवशी शिळा सण: दानधर्म करा, राहिलेल्या नातेवाइकांकडे जाऊन या.