सोयाबीन थांबत नाही, मका थांबतो

चोपड्याकडं आमच्या काळ्या रानात सोयाबीन आणि मका एकाच सुमारास पिकतात. मजूर कमी असले तर आधी सोयाबीन सोंगा. पानं गळून 90 ते 95 टक्के शेंगा तपकिरी झाल्या की दिवस दवडू नका. कडक उन्हात शेंगा तडकतात आणि दाणा रानातच सांडतो. सोंगणी सकाळी दव असताना करा. पावसाचं चिन्ह दिसलं तर ढीग ताडपत्रीखाली घ्या, पण ओल्या सोयाबीनचा ढीग झाकून ठेवू नका, आतून गरम होऊन बुरशी धरतो. बियाण्याचं सोयाबीन मळताना मळणी यंत्राचा ड्रम हळू फिरवा, मिनिटाला साधारण 400 फेऱ्यांच्या आत. दाण्याचं टरफल नाजूक असतं हो, फुटलं की उगवण गेली.

मक्याचा दाणा कणसातून काढून बुडखा बघा. तिथं काळा ठिपका दिसला की पीक पक्व. कणसात शिरलेल्या लष्करी अळीवर आता फवारणीचे पैसे घालू नका, औषध तिथवर पोचत नाही. पोखरलेली, बुरशीची कणसं तोडतानाच वेगळी टाका. ती जनावरांनाही घालू नका, त्या बुरशीत विष असू शकतं.

विकायला नेताना सोयाबीनचा ओलावा 12 टक्क्यांच्या आत हवा.