शिष्यवृत्तीच्या भरवशावर कॉलेज निवडताना या चुका टाळा

बारावीचा निकाल लागला की आमच्या गोव्यात डिचोली-साखळीकडे घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं. "मार्क बरे आहेत, स्कॉलरशिप मिळेलच." त्या 'मिळेलच'च्या जोरावर महागडं कॉलेज ठरतं. खरं तर आधी विचारायला हवं ते वेगळंच: ही शिष्यवृत्ती पोराबरोबर कुठेही जाते, की त्या एका कॉलेजच्या फाटकातच अडकते?

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत

केंद्र सरकारची पदवीची शिष्यवृत्ती पोराबरोबर जाते. साखळीचं सरकारी कॉलेज घ्या, मिरामारचं धेंपे घ्या, नाहीतर पुणं गाठा. पदवीची पहिली तीन वर्षं मिळतात वर्षाला १२,००० रुपयेच. तेव्हा तिच्याकडे बघून महाग कॉलेज घेण्यात काही अर्थ नाही. अट आहे आपल्या शाखेत ८० पर्सेंटाइलच्या वर असण्याची, म्हणजे शाखेतल्या शंभरातल्या ऐंशी मुलांच्या पुढे असण्याची, आणि घरचं उत्पन्न वर्षाला साडेचार लाखांपर्यंत असण्याची. ८० टक्के पडले म्हणून निर्धास्त राहणारे इथेच फसतात. शिवाय देशभरातल्या ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या राज्यांना तरुणांच्या लोकसंख्येप्रमाणे वाटल्या जातात. गोव्याचा वाटा किती लहान, याचा अंदाज तुम्हीच करा.

कोर्स चुकला तर मार्कांचा उपयोग नाही

ही चूक आमच्याच घरात झाली. भाची हुशार, मार्क भरपूर. मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांसाठीच्या 'इन्स्पायर' शिष्यवृत्तीचे वर्षाला ८०,००० रुपये येणार म्हणून सगळे खूश. तिने बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स घेतलं आणि मग कळलं की तो विषय इन्स्पायरच्या यादीतच नाही. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, प्राणिशास्त्र, भूगर्भशास्त्र असे मूलभूत विषय चालतात. इंजिनियरिंग आणि मेडिकल चालत नाही. बोर्डात वरच्या १ टक्क्यात येऊनही विषय चुकला की संपलं. आता तिला आवडलेला विषय मिळाला हे बरंच झालं, पण तिच्या बाबांनी हिशेब त्या ८०,००० वर मांडला होता.

पहिल्या वर्षाची माफी चार वर्षांची समजणे

कॉलेज स्वतः देतं ती सवलत बहुधा दर सेमिस्टरला नव्याने ठरते. झुआरीनगरच्या बिट्स या खासगी विद्यापीठात सुरुवातीची गुणवत्ता शिष्यवृत्ती प्रवेश परीक्षेच्या गुणांवर असते, पुढची सीजीपीएवर, म्हणजे आतापर्यंतच्या सगळ्या सेमिस्टरच्या ग्रेडच्या सरासरीवर. तिथे सगळीच मुलं हुशार. बारावीला पहिला आलेलाही मध्यावर सरकतो. बाहेरच्या खासगी विद्यापीठाने 'शंभर टक्के स्कॉलरशिप' म्हटलं तर लेखी विचारा: फक्त ट्यूशन फी की हॉस्टेल-मेसही? किती सीजीपीए टिकवायचा? एकदा घसरलो तर पुन्हा मिळते का? उत्तर तोंडीच देत असतील तर ती सवलत नाहीच असं समजून फीची बेरीज करा.

याच गडबडीत घरचं उत्पन्न कमी असलेले लोक आयआयटी आणि एनआयटीची फीमाफी विसरतात. उत्पन्न लाखाच्या आत असेल तर ट्यूशन फी पूर्ण माफ, १ ते ५ लाखांत दोन-तृतीयांश. फर्मागुढीची आयआयटी, कुंकळ्ळीची एनआयटी, दोन्हीकडे हे लागू आहे. मामलेदाराकडून उत्पन्नाचा दाखला मात्र वेळेत काढा. "चवथ झाल्यावर बघू" म्हणणाऱ्यांची नंतर धावपळ होते.

मंजूर झाली, पण पैसे येत नाहीत?

राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज कॉलेजच्या पडताळणीत अडकलाय का ते आधी पाहा. अडकला असेल तर तिथल्या शिष्यवृत्ती बघणाऱ्या शिक्षकांना गाठा. मग आधार बँक खात्याशी जोडलंय का ते बघा. आपल्याकडे आणखी एक घोळ असतो: जन्मदाखल्यावर गावकार, आधारवर गावकर, मार्कशीटवर तिसरंच. नाव आधी एकसारखं करून घ्या. आणि पुढच्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज आपणच भरायचा असतो. केंद्राच्या त्या १२,००० च्या शिष्यवृत्तीला त्यासाठी ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते.

प्रवेश घेऊन बसलात आणि आता सवलत मिळणार नाही असं कळलं, तर दिवस मोजा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांप्रमाणे प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेनंतर १५ दिवसांत प्रवेश रद्द केला तर ८० टक्के फी परत मिळते, ३० दिवसांत ५० टक्के, त्यानंतर काहीच नाही. मूळ मार्कशीट अडवून ठेवण्याचा अधिकार कॉलेजला नाही.