व्हिडिओ दिसत नाही म्हणून प्लगिन शोधू नका: या चुका टाळा

जुन्या संकेतस्थळावर व्हिडिओच्या जागी करडी चौकट दिसली की अनेक जण अजूनही फ्लॅश प्लेअर, म्हणजे ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालवणारे जुने प्लगिन, शोधायला निघतात. यासारखी घातक चूक दुसरी नाही. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि १२ जानेवारी २०२१ पासून खुद्द प्लेअरनेच फ्लॅश मजकूर चालवणे बंद केले. त्यामुळे आज त्या नावाने जे ‘अपडेट’ समोर येते, ते उघडूच नये. दोष तुमच्या संगणकात नसून त्या पानात आहे आणि दुरुस्ती पान चालवणाऱ्यानेच करायची आहे.

ती करताना बरेच जण एफएलव्ही (फ्लॅशच्या जुन्या व्हिडिओ प्रकारातल्या) फाइलचे नाव बदलून एमपी४ करतात आणि व्हिडिओ तरीही चालत नाही म्हणून ब्राउझरला दोष देतात. नाव बदलल्याने आतले एन्कोडिंग बदलत नाही. एचटीएमएल५ च्या व्हिडिओ टॅगने कोणत्याही एका कोडेकची, म्हणजे चित्र-ध्वनी साठवण्याच्या (एन्कोडिंगच्या) पद्धतीची, सक्ती केलेली नाही, म्हणून एच.२६४ चित्र आणि एएसी ध्वनी असलेली एमपी४ फाइल हाच आजही सर्वांत भरवशाचा पर्याय आहे. जुन्या एफएलव्हीत हेच दोन कोडेक असतील, तर एफएफएमपेग हे व्हिडिओ रूपांतराचे साधन वापरून पुन्हा एन्कोड न करता नुसते वेष्टन, म्हणजे फाइलचा बाहेरचा प्रकार, बदलता येते आणि चित्राचा दर्जा जराही उतरत नाही. मोबाइलवर चित्रित केलेली एच.२६५ फाइल मात्र तशीच चढवू नका; काही ब्राउझरांत नुसता आवाज येतो आणि पडदा काळा राहतो.

व्हिडिओ सुरू व्हायला फार वेळ लागत असेल, तर एमपी४ मधली ‘मूव्ह’ ही अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी आहे का ते पाहावे; एफएफएमपेगच्या ‘फास्टस्टार्ट’ पर्यायाने ती सुरुवातीला आणता येते. पुढे-मागे सरकवता येत नसेल, तर सर्व्हर फाइलचे तुकडे मागितल्यावर २०६ (फक्त मागितलेला भाग पाठवत असल्याची खूण) हा प्रतिसाद देतो का, हे तपासावे. आवाजासह आपोआप सुरू होणारा व्हिडिओ बहुतेक ब्राउझर अडवतात.

मराठी उपशीर्षकांची चूक तर आपल्या घरचीच आहे. वेबव्हीटीटी, म्हणजे वेबवरील उपशीर्षकांची फाइल, यूटीएफ-८ या युनिकोड साठवणीच्या पद्धतीतच असावी लागते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेली वाक्ये तशीच चिकटवली, तर पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हांचा गोंधळ उमटतो आणि ज्या कर्णबधिर प्रेक्षकासाठी ती लिहिली, त्याच्या हाती काहीच लागत नाही. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावा आणि जोडाक्षरे डोळ्यांनी एकदा तपासून मगच फाइल जोडावी.