परदेशात कोंबड्यांच्या दुर्मिळ जाती कशा मिळवाव्यात

परदेशात कोंबड्या पाळणाऱ्याला जवळच्या हॅचरीतून जी पिल्ले मिळतात, ती बहुधा भरपूर अंडी देणाऱ्या दोन-चार व्यापारी संकरांचीच असतात. काळीकुट्ट आयाम सेमानी किंवा गर्द तपकिरी अंडी देणारी मारां हवी असेल, तर जातीच्या नावाची जाहिरात शोधण्यापेक्षा ती जात वर्षानुवर्षे जोपासणारा पैदासकार शोधावा.

त्याआधी कायद्याची बाजू तपासावी. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून एकच कोंबडी पाळली तरी नोंदणी बंधनकारक आहे, आणि अनेक शहरांत कोंबडा ठेवण्यास मनाई असते. दुसऱ्या देशातून उबवणुकीची अंडी सामानात घालून आणण्याचा विचार मात्र मनातही आणू नये. बर्ड फ्लू आणि रानीखेत या कोंबड्यांच्या साथरोगांच्या भीतीने बहुतेक देशांनी त्यावर कडक निर्बंध घातले आहेत, आणि पुलोरमसारखा रोग तर आईकडून अंड्यातूनच पिलात उतरतो, त्यामुळे वरून स्वच्छ दिसणाऱ्या अंड्यावर भरवसा ठेवता येत नाही. हवी असलेली जात बहुतेक वेळा त्याच देशात कुणाच्या तरी खुराड्यात आधीपासून असते.

ती कुठे आहे हे शोधण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची ‘डॅड-इस’ ही माहितीसूची उपयोगी पडते, कारण तिच्यात देशवार जाती आणि त्यांची स्थानिक नावे नोंदवलेली असतात. स्थानिक नाव ठाऊक असणे आवश्यकच आहे. जर्मनीत रेशमी पिसांच्या सिल्की जातीची ‘सिल्की’ या नावाने विचारणा करण्यापेक्षा ‘झायडेनहून’ म्हणून विचारल्यास पैदासकार लवकर सापडतात. ब्रिटनमध्ये १९७३ साली स्थापन झालेला रेअर ब्रीड्स सर्व्हायव्हल ट्रस्ट आणि अमेरिकेतील लाइव्हस्टॉक कॉन्झर्व्हन्सी या संस्था दुर्मिळ जातींच्या याद्या ठेवतात, तर अनेक जातींचे स्वतंत्र क्लबही असतात. युरोपातील प्रदर्शने प्रामुख्याने शरद ऋतूत आणि हिवाळ्यात भरतात. तिथे पक्षी विकतही मिळतात. परंतु पहिल्या भेटीत खरेदी न करता पैदासकारांशी बोलावे, कारण चांगला पैदासकार आपले उत्तम पक्षी अनोळखी माणसाला सहसा देत नाही, आणि त्यात त्याचे काही चुकते असेही नाही.

खरी मेहनत आहे ती जात शुद्ध आहे की नाही हे पारखण्यात. काळ्या कातडीचा गुण सिल्कीतही असल्यामुळे तिचा संकर आयाम सेमानी म्हणून खपवला जातो. अशा वेळी पक्षी हातात घेऊन चोच उघडावी, तोंडाचा आतला भाग व पंखाखालची कातडी काळी आहे का ते पाहावे आणि पायाची बोटे मोजावीत: सिल्कीला पाच बोटे असतात, सेमानीला चारच. सेमानीची अंडी काळी असतात असे कोणी सांगितले, तर तिथूनच परतावे; ती फिकट मलईच्या रंगाची असतात. निळी अंडी देणाऱ्या अरौकाना जातीच्या बाबतीत निळे अंडे हा पुरावा मानता येत नाही, कारण निळ्या कवचाचा गुण प्रभावी असल्यामुळे संकरित कोंबड्याही निळी-हिरवी अंडी देतात. मारांचा तपकिरी रंग कवचावरचा केवळ वरचा थर असतो आणि अंडी देण्याच्या हंगामाच्या अखेरीस तो फिका पडतो, त्यामुळे छायाचित्र पाहताना ते केव्हा काढले हे विचारावे. निळ्या अँडालुशियन जातीची सगळी पिल्ले निळी निघत नाहीत. निळ्या जोडीपासून सरासरी निम्मी निळी, पाव काळी आणि पाव पांढरट अंगावर गडद ठिपके असलेली निघतात, म्हणून त्यावरून विक्रेत्याला खोटे ठरवू नये. युरोपातील संघटित पैदासकार पिल्ले लहान असतानाच त्यांच्या पायात सलग कडी चढवतात आणि तिच्यावर वर्ष कोरलेले असते. ही कडी वयाची खात्री देते, शुद्धतेची मात्र नाही; त्यासाठी आई-बाप आणि त्यांची आधीची पिल्ले प्रत्यक्ष पाहावीत.

पैदासकार दूर असेल तर अंडी टपालाने मागवता येतात, मात्र प्रवासातील हादऱ्यांनी त्यांतील हवेची पोकळी सैल होते आणि उबवण घटते. सात दिवसांहून जुनी नसलेली अंडी मागावीत, आल्यावर निमुळते टोक खाली करून ती एक दिवस स्थिर ठेवावीत आणि मगच उबवणी यंत्रात किंवा खुडूक कोंबडीखाली घालावीत. पंख्याच्या यंत्रात तापमान ३७.५ अंश सेल्सिअस ठेवावे, अंडी फिरवणे अठराव्या दिवशी थांबवावे. पिल्ले साधारण एकविसाव्या दिवशी बाहेर पडतात. मोठे पक्षी आणल्यास ते जुन्या कळपापासून तीस दिवस वेगळे ठेवावेत, आणि त्यांचे दाणापाणी आपल्या कळपाचे काम उरकल्यानंतरच करावे.

पुढे पैदास करायची असेल, तर कोंबडा आणि कोंबड्या शक्यतो वेगवेगळ्या पैदासकारांकडून घ्याव्यात, कारण दुर्मिळ जातीत सगळे पक्षी एकमेकांचे जवळचे नातलग असण्याचा धोका मोठा असतो. अंड्यांतून निघालेल्या पिल्लांत सरासरी निम्मे कोंबडे निघणार हे गृहीत धरून, जास्तीचे कोंबडे पैदासकार परत घेईल का, याची बोलणी व्यवहार ठरण्याआधीच करावीत.