कवठाची चटणी: महाशिवरात्रीची, पण उपवास नसला तरी करण्यासारखी

माघ संपत आला की मंडईत कवठांचे ढीग दिसू लागतात. शेजारीच बहुधा बेलफळंही असतात, तेव्हा गफलत करू नका. बेलाची साल गुळगुळीत असते, कवठाची करडी-पांढरी आणि खरखरीत. गणपतीच्या श्लोकातलं 'कपित्थ' ते हेच.

या चटणीची निम्मी मेहनत फळ निवडण्यातच आहे. कवठ फूटभर उंचीवरून फरशीवर टाकून पाहा. कच्चं असेल तर उसळी घेतं, पिकलेलं धप्पकन पडून राहतं. (विक्रेत्याला आधी विचारा, नाहीतर ओरडा ठरलेला.) मग देठाकडे नाक लावा, आंबटगोड घमघमाट आला तर घ्या. भोक असलेलं मात्र नको. कच्चं निघालंच, तर न फोडता आठ-पंधरा दिवस उन्हात ठेवा.

एका मध्यम कवठाचा साधारण वाटीभर गर निघतो. त्याला अर्धी ते एक वाटी चिरलेला गूळ, एक लहान चमचा भाजून कुटलेलं जिरं, तेवढंच लाल तिखट आणि अर्धा चमचा मीठ पुरतं.

कवठ उंबरठ्यावर किंवा पाट्यावर आपटायचं आणि तडा गेला की हातांनी उकलायचं. गर तपकिरी, चिकट हवा. पांढरट असला तर चटणी तुरट होते. चमच्याने गर खरवडून घ्या, शिरा आणि कवचाचे कण वेचून टाका. त्यात अर्धी वाटी गूळ कालवून अर्धा तास झाकून ठेवा. गूळ आपोआप विरघळतो, पाणी घालावं लागत नाही. आता चाखा आणि मगच उरलेला गूळ घाला, कारण प्रत्येक कवठाचा आंबटपणा वेगळा. शेवटी जिरं, तिखट, मीठ घालून खलबत्त्यात चेचा. मिक्सर वापरणार असाल तर एक-दोनदाच फिरवा. बिया भरडल्या गेल्या की चटणी कचकचते. बिया नकोच असतील तर गुळाबरोबर मुरलेला गर मसाला घालण्याआधी चाळणीतून दाबून काढा.

काहीजण ती शिजवतात. चमचाभर तुपात जिरं तडतडवायचं, चटणी घालून मंद आचेवर पाच मिनिटं परतायची. कवठात पेक्टिन भरपूर असल्याने ती गार होताना आणखी घट्ट होते, म्हणून सैल असतानाच उतरवा. मी एकदा कढईतच घट्ट होईपर्यंत थांबले आणि दुसऱ्या दिवशी सुरीने वड्या कापल्या.

उपवासासाठी करत असाल तर हिंग घालू नका. बाजारच्या हिंगात बहुतेक वेळा मैदा किंवा कणीक मिसळलेली असते. एरवी चिमूटभर चालतो. भगरीबरोबर ही चटणी छान लागते, पण मला विचाराल तर गरम थालीपिठाबरोबर जास्त.

काचेच्या बरणीत, कोरडा चमचा वापरून, कच्ची चटणी फ्रीजमध्ये आठवडाभर टिकते.