उपकेंद्राचा विस्तार आणि वाहतुकीचा अहवाल: या चुका टाळा

वीज उपकेंद्राच्या विस्ताराचा वाहतूक अहवाल हातात आला की मी आधी शेवटचं पान उघडतो. तिथे हमखास लिहिलेलं असतं, ‘कर्मचारीसंख्या नगण्य, सबब वाहतुकीवरील परिणाम नगण्य.’ अहो, चालू उपकेंद्रात माणसं कमी असतात हे कुणाला ठाऊक नाही? रस्त्याची वाट लागते ती बांधकामात.

नुसता भराव घ्या. एक हेक्टर यार्ड मीटरभर उचलायचं तर दाबलेली माती 10,000 घनमीटर. सुटी मोजली तर 12,000 च्या आसपास. डंपरमध्ये 10 घनमीटर धरले तर 1,200 खेपा, म्हणजे जाऊन-येऊन 2,400 फेऱ्या. दोन महिन्यांत उरकायचं तर रोज 40. आयआरसी:64 (इंडियन रोड्स काँग्रेसची रस्त्यांच्या क्षमतेवरची पुस्तिका) ट्रकला 3 पीसीयू धरते, म्हणजे एक ट्रक तीन मोटारींइतका; दिवसाला 120 पीसीयू. गावाकडच्या एकपदरी रस्त्याची डिझाइनसाठी धरायची क्षमता सपाट भागात, चांगल्या साइडपट्ट्या असतील तर, दिवसाला 2,000 पीसीयू. खडी, सिमेंट, केबलचे ड्रम अजून यायचेच आहेत. हा तक्ता मी हाताने मांडतो. नव्या पोरांना थेट सॉफ्टवेअर उघडायची घाई. आत काय भरायचं ते मात्र माहीत नसतं.

दुसरी चूक हंगामाची. ऊसपट्ट्यातल्या एका 132 केव्ही उपकेंद्रासाठी वाहनांची गणती झाली जूनमध्ये, तीही एकच दिवस. ट्रान्सफॉर्मर आला डिसेंबरात, गळीत हंगाम ऐन भरात. वाटेतल्या कमानीची उंची सर्व्हेत मोजलेली होती. पण मधल्या काळात तिच्याखाली काँक्रीटचा नवा थर पडला, आणि फिरून टेप लावायला कुणी गेलं नाही. हायड्रॉलिक ट्रेलर पूर्ण खाली घेतला तरी जागा पुरेना. मागे उसाच्या ट्रॉल्या. ट्रेलर मागे घ्यायचा तर आधी ती सगळी रांग मागे सरकायला हवी. तोडलेला ऊस वाळला की वजन घटतं, त्यामुळे शेतकऱ्यांनी ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. ग्रामीण रस्त्यांची गणती वर्षातून दोनदा, एकदा सुगीत आणि एकदा मंदीत, सलग 7 दिवस, 24 तास करा, असं आयआरसी:9 या गणतीच्या पुस्तिकेत 1972 पासून आहे. ट्रान्सफॉर्मर निघायच्या आठवड्यात मी टेप घेऊन रस्ता पुन्हा फिरतो.

बाकीच्या चुका थोडक्यात:

- वाहनं डोकी मोजल्यासारखी मोजू नका. पीसीयूत मोजा: ट्रॅक्टर-ट्रॉली 4.5, बैलगाडी 8, दुचाकी 0.5.
- पुलासाठी ट्रान्सफॉर्मरचं वाहतुकीतलं वजन घ्या आणि त्यात ट्रेलर व पुलरचं (ट्रेलर ओढणाऱ्या गाडीचं) मिळवा. मोठा ट्रान्सफॉर्मर बहुधा तेल काढून, नायट्रोजन भरून येतो. तेल आणि बुशिंग, रेडिएटर असे सुटे भाग वेगळ्या गाड्यांनी. त्या गाड्याही मोजा.
- आठवडी बाजाराचा वार तलाठ्याला नको, चहावाल्याला विचारा.
- वाटेतल्या तारा उचलायला शटडाऊन, म्हणजे त्या तारांची वीज बंद करणं, लागतो. काम विजेचंच असलं तरी अर्ज चुकत नाही. ट्रेलर वेशीवर आल्यावर तो लिहायला बसू नका.